एकच व्यायाम, दोन बहिणी आणि इन्शुलिनचे दोन अहवाल

ताईने आणि मी व्यायाम एकाच वेळी सुरू केला. प्रशिक्षक एकच, वेळापत्रक एकच, सायकलीही शेजारी-शेजारी. काही महिन्यांनी रक्ततपासणी झाली तेव्हा तिचं उपाशीपोटीचं इन्शुलिन चांगलंच खाली आलेलं होतं आणि माझं होतं तिथेच. त्या दिवसापासून पुढे मला काय काय समजत गेलं, कोणत्या तपासण्या झाल्या, डॉक्टरांशी आणि जनुकीय समुपदेशकांशी काय बोलणी झाली, ते इथे लिहिते आहे. नेमाने व्यायाम करूनही ज्यांचा अहवाल हलत नाही, त्यांना ते उपयोगी पडावं असं मनापासून वाटतं.

आमच्या बाबांना मधुमेह आहे, आत्यालाही आहे. आम्हा दोघींची उपाशीपोटीची साखर सीमारेषेच्या थोडी पलीकडे गेली तेव्हा डॉक्टरांनी साखरेबरोबर इन्शुलिनही मोजायला सांगितलं. साखर आटोक्यात दिसते, पण ती आटोक्यात ठेवायला स्वादुपिंडाला किती इन्शुलिन ओतावं लागतंय, हे साखरेच्या आकड्यावरून कळत नाही. त्यासाठी होमा-आयआर नावाचा एक साधा हिशेब आहे, १९८५ पासून वापरात असलेला. उपाशीपोटीची साखर गुणिले इन्शुलिन, भागिले ४०५. माझी साखर १०८ आणि इन्शुलिन १५, म्हणजे उत्तर ४. ताईची साखर १०४, इन्शुलिन १४, उत्तर साधारण ३.६. हा आकडा जितका मोठा, तितकं शरीर इन्शुलिनला कमी दाद देतंय असं समजायचं. डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं की याची सगळीकडे मान्य झालेली एकच एक मर्यादा नाही. दुसऱ्याशी तुलना करू नका, तुमचाच आकडा पुढे कुठे जातो ते बघा.

त्यासोबत ग्लुकोज टॉलरन्स टेस्टही झाली. रात्रभर उपाशी राहायचं, सकाळी पाण्यात विरघळवलेलं ७५ ग्रॅम ग्लुकोज पाच मिनिटांच्या आत प्यायचं आणि मग दोन तास एका जागी बसून ठरावीक वेळाने रक्त द्यायचं. मध्येच उठून फेऱ्या मारल्या तरी निकाल बदलतो, कारण चालणारे स्नायू साखर ओढून घेतात. आमच्या बाबतीत दर वेळी साखर आणि इन्शुलिन दोन्ही मोजले गेले. त्या आकड्यांवरून, शरीर इन्शुलिनला किती दाद देतंय हे सांगणारा मात्सुदा निर्देशांक काढतात, आणि उपाशीपोटीच्या एका नमुन्यापेक्षा त्यातून बरंच जास्त कळतं. संशोधनात याहून काटेकोर पद्धत वापरतात, तिला क्लॅम्प म्हणतात. एका शिरेतून ठरावीक वेगाने इन्शुलिन सोडायचं आणि रक्तातली साखर स्थिर राहील इतकं ग्लुकोज सोबत देत राहायचं. जितकं जास्त ग्लुकोज द्यावं लागेल, तितकी शरीराची इन्शुलिनला दाद देण्याची क्षमता, म्हणजे इन्शुलिन संवेदनशीलता, चांगली. १९७९ साली राल्फ डीफ्रॉन्झो आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत सविस्तर मांडली आणि आजही इतर चाचण्या तिच्याच कसोटीवर तपासल्या जातात. आम्हाला तिची गरज नव्हती. पण ती कशी चालते हे समजल्यावर इन्शुलिन संवेदनशीलता म्हणजे नेमकं काय, हे मला पहिल्यांदा नीट कळलं.

तपासणीआधीच्या सूचना वाचताना कंटाळा आला होता, पण पुढे सगळा अर्थ त्यांच्यातच निघाला. शेवटचा व्यायाम आणि रक्त देणं यांत नेमकं किती अंतर, हे डॉक्टरांनी लिहून ठेवलं. एकदा दमदार व्यायाम केला की स्नायूंची इन्शुलिनला दाद देण्याची क्षमता पुढचा एक दिवस, कधी कधी तीन दिवसांपर्यंत वाढलेली राहते. काल सायकल मारून आज रक्त दिलं तर चांगला आकडा कालच्या सायकलीचा आहे की सहा महिन्यांच्या मेहनतीचा, हे ओळखता येत नाही. म्हणून आधी आणि नंतर, दोन्ही वेळा पूर्ण तीन दिवस विश्रांती घेऊनच तपासणी झाली. प्रयोगशाळाही तीच, कारण इन्शुलिन मोजण्याच्या पद्धती वेगवेगळ्या असतात आणि त्यांचे आकडे एकमेकांशी नेहमी जुळत नाहीत. नमुन्यातल्या लाल पेशी फुटल्या तर इन्शुलिन नष्ट होतं आणि आकडा खोटाच कमी येतो. त्या आठवड्यात सर्दी-ताप नको, जागरण नको. पाळीच्या चक्राचा टप्पाही शक्यतो सारखा, कारण चक्राच्या उत्तरार्धात अनेकींची संवेदनशीलता थोडी उतरते. ही शेवटची सूचना बायकांना क्वचितच कोणी देतं. द्यायला हवी.

व्यायामाचा आराखडा डॉक्टरांनी हेरिटेज अभ्यासाच्या धर्तीवर बेतला होता. क्लोद बुशार या संशोधकाच्या नेतृत्वाखाली अमेरिका आणि कॅनडातल्या केंद्रांवर झालेला हा अभ्यास या विषयातला पायाचा दगड मानला जातो. आधी बैठं आयुष्य जगणारी अख्खी कुटुंबं, म्हणजे आईवडील आणि त्यांची मोठी झालेली मुलं, त्यात घेतली. सगळ्यांना २० आठवडे, आठवड्यातून तीनदा, देखरेखीखाली सायकल चालवायला लावली. सुरुवात ज्याच्या-त्याच्या कमाल क्षमतेच्या ५५ टक्के जोरावर ३० मिनिटांची, आणि वाढवत वाढवत ७५ टक्के जोरावर ५० मिनिटांपर्यंत. कुटुंबं घेण्यामागे कारण होतं. एकाच घरातल्या माणसांचे प्रतिसाद एकमेकांसारखे निघाले, तर त्यात जनुकांचा हात असल्याचा अंदाज बांधता येतो.

आमच्या व्यायामाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. सुरुवातीला पाय दुखले, नंतर दुखायचे थांबले. छातीच्या पट्ट्यावर नाडीचे ठोके नोंदले जायचे आणि प्रशिक्षक त्या नोंदी जपून ठेवायचे. त्या नोंदींचे मी नंतर फार आभार मानले.

कारण निकाल आला तेव्हा ताईची साखर ९७ आणि इन्शुलिन ९ होतं. होमा ३.६ वरून २.२ च्या आसपास. ग्लुकोज प्यायल्यानंतरचा तिचा इन्शुलिनचा आलेखही बुटका झालेला. माझी साखर १०६, इन्शुलिन पुन्हा १५. आलेख जवळपास जुन्यावर जुना ठेवावा तसा.

घरातून पहिली प्रतिक्रिया आली ती, ‘नीट केलं नसशील.’ मग, ‘चोरून गोड खात असशील.’ ताईने तिथल्या तिथे सगळ्यांना गप्प केलं, पण ते शब्द मला लागायचे ते लागलेच. मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसाकडे आळशी म्हणून बघायची सवय इतकी मुरलेली आहे की शरीर वेगळं वागू शकतं, ही शक्यताच कोणाच्या मनात येत नाही. नाडीच्या नोंदींवरून प्रशिक्षकांनी दाखवून दिलं की दोघींनी घेतलेली मेहनत जवळजवळ सारखी होती. माझा दम, म्हणजे न थकता मेहनत करण्याची क्षमता, वाढला होता, रक्तदाब उतरला होता, कंबरही थोडी कमी झाली होती. इन्शुलिन तेवढं हललं नव्हतं.

डॉक्टरांनी मग हेरिटेजचे निष्कर्ष समोर ठेवले. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात २० आठवड्यांच्या व्यायामाने इन्शुलिन संवेदनशीलता सरासरी १० टक्क्यांनी वाढलेली दिसली. पण त्या सरासरीच्या दोन्ही बाजूंना माणसं दूरवर पसरलेली होती. काहींची संवेदनशीलता खूप सुधारली, अनेकांची जागची हलली नाही आणि काहींची उलट उतरली. देखरेखीखाली, तोच आराखडा पाळून. पुढे २०१२ मध्ये बुशार आणि सहकाऱ्यांनी सहा अभ्यासांतल्या १६८७ लोकांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा सुमारे ८ टक्के लोकांचं उपाशीपोटीचं इन्शुलिन व्यायामानंतर मोजमापातल्या चुकीने समजावून सांगता येणार नाही इतकं वाढलेलं आढळलं. शिवाय एका बाबतीत प्रतिसाद न देणारा माणूस दुसऱ्या बाबतीत उत्तम प्रतिसाद देऊ शकतो. दम वाढणं, रक्तदाब उतरणं आणि इन्शुलिन सुधारणं या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. हे ऐकून मला रडू आलं, आणि ते सुटकेचं होतं.

माझा पुढचा प्रश्न उघड होता. माझ्या जनुकांत काही दोष आहे का?

यासाठी आम्ही जनुकीय समुपदेशकांकडे गेलो. त्यांनी आधी घराण्याची सगळी माहिती काढली: कोणाला कोणत्या वयात मधुमेह झाला, शरीरयष्टी कशी होती, उपचार काय होते. एकाच जनुकातल्या बिघाडाने होणारा मधुमेहाचा एक प्रकार असतो, त्याला मोडी म्हणतात. तो सहसा तरुण वयात आणि पिढ्यान्‌पिढ्या दिसतो, आणि तो असेल तर उपचारच बदलतात. आमच्याकडे तसा नमुना नव्हता. मग त्यांनी कागदावर आम्हा दोघींची गुणसूत्रं काढायला घेतली. सख्ख्या भावंडांत जनुकीय फरकांपैकी सरासरी निम्मे समान असतात. उरलेल्या निम्म्यात आम्ही वेगळ्या आहोत, आणि तेवढी जागा खूप झाली.

हेरिटेजमधलाच एक शोध त्यांनी सांगितला आणि तो माझ्या चांगलाच लक्षात राहिला. संवेदनशीलता सर्वाधिक सुधारलेले ८ जण आणि न सुधारलेले ८ जण, वय, लिंग आणि वजनाच्या दृष्टीने जुळणारे, असे निवडून त्यांच्या मांडीच्या स्नायूचे तुकडे तपासले गेले. व्यायामानंतर कोणती जनुकं किती कामाला लागली याची तुलना झाली. त्यात एफएचएल१ नावाचं जनुक पुढे आलं, आणि २००७ मध्ये त्यातल्या बदलांचा व्यायामानंतरच्या इन्शुलिनशी संबंध दाखवला गेला. हे जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. वडिलांकडे एक्स एकच असतो, त्यामुळे तो सगळ्या मुलींना जवळजवळ जसाच्या तसा मिळतो. म्हणजे बाबांकडून आलेलं हे जनुक ताईकडे आणि माझ्याकडे एकच. फरक असलाच तर तो आईकडून आलेल्या एक्समध्ये. बाबांच्या आजाराचा धाक घेऊन जगणाऱ्या मला, उत्तराचा एखादा तुकडा आईच्या बाजूलाही असू शकतो, हा विचार तोवर कधी शिवलाच नव्हता.

पीपीएआरजी या जनुकाची गोष्ट याहून जुनी. त्यापासून बनणाऱ्या प्रथिनाच्या बाराव्या जागी प्रोलीनऐवजी अॅलॅनिन हे अमिनो आम्ल असलेले लोक व्यायामाने अधिक सुधारतात, असं काही अभ्यासांत दिसलं, हेरिटेजमध्येही. एका अभ्यासात हा फरक पुरुषांत आढळला आणि बायकांत नाही. समुपदेशकांनी हे मुद्दाम सांगितलं, कारण मी तोवर ‘व्यायाम जनुक चाचणी’ करून घ्यायचं जवळजवळ ठरवलं होतं. या एकेका बदलाचा परिणाम लहान, बरेचसे निष्कर्ष थोड्या लोकांवर आधारलेले, आणि दुसऱ्या गटात पुन्हा तपासले की काही टिकतात, काही विरून जातात. अशा पाचदहा बदलांवरून तुम्ही कसा व्यायाम करावा हे सांगणाऱ्या अहवालांना पुरेसा आधार नाही, असं या क्षेत्रातल्या तज्ज्ञांनी २०१५ मध्ये एकत्रितपणे जाहीर केलं होतं. मी चाचणी केली नाही. त्या अहवालात काहीही आलं असतं तरी आमच्या डॉक्टरांचा पुढचा सल्ला बदलला नसता, हे कळल्यावर निर्णय सोपा झाला.

जनुकांचं वजन किती, हे मला दोन उदाहरणांनी पटलं. पहिलं ग्रीनलंडचं. तिथल्या लोकांत टीबीसी१डी४ या जनुकात एक असा बदल आढळतो की तो आईवडील दोघांकडून मिळाला तर स्नायू इन्शुलिनला फारच कमी दाद देतात. २०१४ मध्ये हे प्रसिद्ध झालं. तिथल्या सुमारे ४ टक्के लोकांत हा बदल दोन्ही बाजूंनी असतो आणि त्यांना मधुमेह होण्याची शक्यता कितीतरी पट जास्त असते. स्नायूपेशीत साखर शिरायला ग्लुट४ नावाचे वाहक आतून पृष्ठभागावर यावे लागतात. त्यांना बोलावणारी दारं दोन: एक इन्शुलिन उघडतं, दुसरं स्नायूच्या आकुंचनाने उघडतं. या लोकांचं इन्शुलिनचं दार जवळपास अडकलेलं असतं. तरीही पुढच्या अभ्यासात तासाभराच्या व्यायामानंतर त्यांची जेवणानंतरची साखर कमी चढली. इतका मोठा जनुकीय बिघाड असूनही आकुंचनाचं दार चालूच होतं. माझं इन्शुलिन हललं नाही म्हणून माझी प्रत्येक चाल वाया गेली, असं मग मला कोणी पटवू शकलं नसतं.

दुसरं उदाहरण टीसीएफ७एल२ चं. सर्वसामान्य टाइप २ मधुमेहाशी सर्वात घट्ट नातं असलेलं हे जनुक. अमेरिकेतल्या डायबिटीस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम या अभ्यासात, ज्याचे निकाल २००२ मध्ये आले, सीमारेषेवरच्या ३२३४ लोकांपैकी आहार-व्यायामाच्या गटात मधुमेहाचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं आणि मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या औषधाच्या गटात ३१ टक्क्यांनी. नंतर त्याच लोकांची जनुकं तपासली. ज्यांच्याकडे या जनुकाची जोखमीची प्रत दुहेरी होती, त्यांच्यात, औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी मिळालेल्या गटात मधुमेह जास्त झाला. आहार-व्यायामाच्या गटात मात्र ती जास्तीची जोखीम जवळपास दिसेनाशी झाली होती. हे वाचल्यावर मी ताईला फोन करून अर्धा तास बोलत होते.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ‘प्रतिसाद न देणारी’ हा शिक्का एका तपासणीवरून मारता येत नाही. डॉक्टरांनी आम्हा दोघींचं उपाशीपोटीचं इन्शुलिन थोड्या दिवसांच्या अंतराने पुन्हा मोजलं, व्यायामात काहीही बदल न करता. दोघींचे आकडे थोडेफार हलले. उपाशीपोटीचं इन्शुलिन दिवसागणिक बरंच वर-खाली होतं आणि आधी-नंतरच्या दोन नमुन्यांत ती हालचाल मिसळून जाते. ताईची सुधारणा त्या हालचालीपेक्षा मोठी होती, आणि ग्लुकोजनंतरचा आलेखही तेच सांगत होता, म्हणून ती खरी मानली. माझ्या बाबतीत खरी पण लहानशी सुधारणा लपली असण्याची शक्यता होती. अशा व्यक्तिगत फरकांवर लिहिताना, व्यायाम न करणाऱ्या गटात तेवढ्याच काळात आकडे किती हलतात हे आधी बघा, असा आग्रह संख्याशास्त्राचे जाणकार धरतात. तो मला पूर्ण योग्य वाटतो.

जर्मनीत ट्युबिंगेनमध्ये २० जणांवर झालेला एक अभ्यास आहे, २०१६ चा. ज्यांची इन्शुलिन संवेदनशीलता आठ आठवड्यांच्या व्यायामाने सुधारली नाही, त्यांच्या स्नायूंत टीजीएफ-बीटा हा संकेत जास्त जोरात चालू असलेला दिसला आणि पेशींतली ऊर्जाकेंद्रं वाढवणारे नियंत्रक दबलेले. त्यावर आज घेता येईल असं औषध नाही. पण प्रतिसाद न देण्यामागे शरीरात काहीतरी ठोस घडत असतं, ती इच्छाशक्तीची कमतरता नाही, हे स्नायूच्या तुकड्यावर दिसलं, याचं मला फार मोल वाटतं.

पुढचा टप्पा व्यायामाची मात्रा आणि प्रकार बदलण्याचा. दमाच्या बाबतीत याचा चांगला पुरावा आहे. २०१७ मधल्या एका प्रयोगात ७८ निरोगी लोकांना आठवड्यातून एक ते पाच वेळा व्यायाम दिला. कमी वेळा व्यायाम करणाऱ्यांत प्रतिसाद न देणारे बरेच निघाले, पाच वेळा करणाऱ्यांत एकही नाही. न सुधारलेल्यांना पुढे आठवड्याला दोन वेळा वाढवून दिल्यावर तेही सुधारले. इन्शुलिनबाबत हे जसंच्या तसं लागू होईल असं डॉक्टरांनी वचन दिलं नाही, पण करून बघण्यासारखं होतं. माझ्या आठवड्यात वजनं उचलण्याचा व्यायाम आला, सायकलवर थोड्या थोड्या वेळाचे जोरदार टप्पे आले, आणि दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडू द्यायचा नाही, हा नियम आला. एका सत्राचा परिणाम फार तर दोन-तीन दिवस टिकतो, तर तो विरण्याआधी पुढचं सत्र व्हावं, हा त्यामागचा साधा हिशेब.

याच सुमारास मेटफॉर्मिनचा विषय निघाला. २०१९ मधल्या एका अभ्यासात वयस्क लोकांना १२ आठवडे एरोबिक व्यायामासोबत मेटफॉर्मिन दिलं, तर व्यायामाने वाढणारी इन्शुलिन संवेदनशीलता आणि दम, दोन्हींची वाढ सरासरीने कमी पडली. म्हणून माझ्या बाबतीत आधी नवा व्यायाम एकट्याने आजमावायचा असं ठरलं. डॉक्टरांनी सोबत हेही बजावलं की ज्यांना हे औषध चालू आहे, त्यांनी असं काही वाचून ते स्वतःहून बंद करणं धोक्याचं आहे. तेच मीही इथे सांगते.

नव्या आराखड्यानंतर, पुन्हा तीन दिवसांची विश्रांती घेऊन, त्याच प्रयोगशाळेत तपासणी झाली. साखर १०१, इन्शुलिन १२. होमा ३ च्या आसपास. ग्लुकोजनंतरचा आलेख पहिल्यांदाच थोडा उतरला. ताईइतका नाही. यात वजनांचा वाटा किती, जोरदार टप्प्यांचा किती, वाढलेल्या एकूण वेळाचा किती, हे वेगळं काढता येणार नाही, कारण सगळं एकदम बदललं. डॉक्टरांच्या मते बदल रोजच्या हालचालीपेक्षा मोठा आहे, पण पक्कं म्हणण्याआधी आणखी एकदा मोजायला हवं. मेटफॉर्मिनचा निर्णय त्या तपासणीपर्यंत पुढे ढकलला आहे.

ताईचा आराखडा बदललेला नाही. तिला तेवढाच पुरतो. मला आठवड्यातले दोन दिवस जास्त लागतात, आणि त्या दोन दिवसांत ती मुलांना सांभाळते.